विलनची दृष्ट

१७ नोव्हेंबर, रविवार

शाळेतून निवृत्त झालो तेव्हा डायरी लिहायची म्हणून तीन वह्या आणल्या होत्या. दोन बायकोने, सुहासिनीने, पाककृती चिकटवायला पळवल्या. ही तिसरी मी कपाटावर लपवून ठेवली होती. आज काढली, कारण आज लिहिण्यासारखं काहीतरी घडलं.

देवळाच्या ओट्यावर मंडळाची सभा झाली. माघी गणपतीला आमच्या गावात दरवर्षी नाटक होतं. यंदा ते आधी विरारच्या स्पर्धेत न्यायचं, असा ठराव मी मांडला आणि तो एकमताने मंजूर झाला. एकमताचं कारण असं, की विरोध करणाऱ्याला काम करावं लागलं असतं. लेखक मी, दिग्दर्शक मी. नाटकाचं नाव ‘बांध’. खाडीचं पाणी अडवणारा गावचा बांध फोडून तिथे व्हिला बांधायला निघालेला एक सुटाबुटातला बिल्डर, आणि त्याला जमीन देऊन बसलेला श्रीपत नावाचा म्हातारा शेतकरी. पस्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, पण मराठी लिहिताना हात जास्त सैल सुटतो.

विलनचं काम अर्थातच हरेश्वरदादाचं, असं सगळ्यांनी गृहीत धरलंय. दादा माझा चुलत भाऊ. एकाच अंगणात वाढलो. तो सातवीनंतर वाडीत गेला, मी कॉलेजात. केळी, भाजी आणि वर्षातून एक रात्र विलन, हा त्याचा संसार. खोत, सावकार, दरोडेखोर, कपटी मामा, सगळं करून झालंय. दिवाळी संपली की तो मिशी राखायला लागतो. मिशी दिसली की गावाला कळतं, नाटक आलं. आणि त्याचं ते हसणं! पोरं आईच्या पदरात शिरतात. बायका बोटं मोडतात. गिरीजहून जेसन साउंड सिस्टिम घेऊन येतो, त्याच्याबरोबर त्याची आई स्वतःची खुर्ची घेऊन येते, ती फक्त दादाला शिव्या घालायला. “अरे खोता, तुझ्या तोंडात किडे पडतील” हे तिने एकदा इतक्या जोरात म्हटलं, की हिरॉईन आपलं वाक्य विसरली.

नाटक संपलं की विलनने रंग पुसायचा नाही. पडद्यामागे पाटावर बसायचं. गावभरचे शिव्याशाप अंगावर आलेले असतात, ते तसेच घरी न्यायचे नसतात. मग मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या त्याच्यावरून ओवाळून निखाऱ्यावर टाकतात. पूर्वी काकी करायची, आता शकूवहिनी, म्हणजे दादाची बायको, करतात. दृष्ट खरोखर लागली असली तर मिरच्यांचा ठसका येत नाही, हे कोणालाही माहीत आहे. आमच्याकडे दरवर्षी असा ठसका उठतो, की हिरो, हिरॉईन, पेटीवाला सगळे खोकत बाहेर पळतात. वहिनी डोळे पुसत म्हणतात, “बघा, एक पन शाप लागला नाय. सगळे खोटे होते.” मी विज्ञाननिष्ठ माणूस आहे, पण खोकणाऱ्यांत मीही असतो.

तर प्रश्न असा. या बिल्डरच्या तोंडी इंग्रजी वाक्यं आहेत. परीक्षक मुंबईचे. दादा पाण्याला ‘पानी’ म्हणतो आणि सुटात तो कसा दिसेल याची कल्पना करवत नाही. विचार केला पाहिजे.

२४ नोव्हेंबर, रविवार

पहिलं वाचन. आचोळ्याहून कल्पेशला बोलावलं होतं. माझाच जुना विद्यार्थी, विम्याच्या कंपनीत आहे, दोन मालिकांत इन्स्पेक्टर होऊन गेलाय. उंच, स्वच्छ उच्चार, सूट त्याचा स्वतःचा.

दादा वेळेआधीच आला होता. मिशी बोटभर वाढलेली. मी ग्रुपवर टाकलेली संहिता त्याने सुनेकडून, रीमाकडून, वाचून घेतली होती आणि पहिल्या अंकातलं बिल्डरचं सगळं पाठ करून आला होता. इंग्रजीसुद्धा! “धिस इज प्राइम लोकेसन, मिस्टर शिरपत” असं म्हणून तो हसला आणि ओट्यावरची कबुतरं उडाली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

“आज नुसतं वाचन आहे,” मी म्हणालो, “बिल्डरचं तात्पुरतं कल्पेश वाचेल.” दादा सरकून बसला. त्याच वेळी स्पष्ट सांगायला हवं होतं, हे कळत होतं. पण सगळ्यांसमोर त्याचा अपमान झाला असता. म्हणजे मी त्याच्याच भल्यासाठी गप्प बसलो.

२६ नोव्हेंबर

कसं सांगावं, या विचारात दोन दिवस गेले आणि उत्तर शब्दकोशात सापडलं! आयुष्यभर ज्या पुस्तकाने हात दिला ते आयत्या वेळी कसं दगा देईल?

‘विलन’ या शब्दाचं मूळ लॅटिनमधलं. व्हिला म्हणजे जमीनदाराचं शेतावरचं घर आणि त्याभोवतीची जमीन, आपल्या भाषेत वाडीच म्हणा. त्या वाडीवर राबणारा तो विलानुस. फ्रेंचांकडून तो इंग्रजीत आला तेव्हाही अर्थ तोच होता. जमिनीला बांधलेलं कूळ, शेतमजूर. त्यात वाईट काही नव्हतं. मग जमीनदार मंडळींच्या तोंडात शब्द बिघडत गेला. याचं बोलणं रांगडं, पाय चिखलाचे, जेवायची रीत नाही, म्हणजे मनही हलकंच असणार, असं ते धरून चालले. विलन म्हणजे गावंढळ, मग नीच, मग बदमाश. नाटकातला खलपुरुष हा अर्थ तर अगदी अलीकडचा, दोनेकशे वर्षांपूर्वीचा. मूळचा भला शेतकरी नाटकापर्यंत येता येता पार काळा झाला. इंग्रजीत असंस्कृत माणसाला ‘बूर’ म्हणतात, त्याचाही मूळ अर्थ शेतकरीच. बोलण्यावरून माणसाची किंमत करायची ही खोड किती जुनी आहे, बघा.

गंमत म्हणजे आपल्याकडचा ‘गावठी’ उलट्या वाटेने निघालाय. मी लहान होतो तेव्हा वसईच्या शाळेत आम्हाला गावठी म्हटलं की रडू यायचं. आज विरारच्या बाजारात गावठी म्हटलं की वांग्याचा मान वाढतो.

सुहासिनीला सगळं वाचून दाखवलं. ती मटार सोलत होती. म्हणाली, “छान आहे. मग विलनचं काम त्यांनाच द्या.”

“अगं, मुद्दा तो नाही. श्रीपत शेतकरी आहे. म्हणजे दादा शब्दाच्या मुळाकडे जातो. त्याला तसं सांगायचं.”

“अहो, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? काम काढून घेतलं म्हणून सांगा नि मोकळे व्हा.”

भाषेची आवड तिला कधीच नव्हती.

२८ नोव्हेंबर

झालं! सांगून आलो. किती भीत होतो, पण दादाने किती सहज घेतलं.

सकाळी वाडीत गेलो. घडाच्या भाराने वाकलेल्या केळींना तो बांबूचे टेकू देत होता. मी म्हटलं, “दादा, विलन या शब्दाचा मूळ अर्थ ठाऊक आहे का तुला?”

“विलन म्हंजे विलन. म्हंजे मी.”

मग मी त्याला सगळी कथा सांगितली. व्हिला, विलानुस, जमीनदार, सगळं. बांबूवर हात ठेवून तो नीट ऐकत होता. वर्गात असं ऐकणारी मुलं मला फार कमी मिळाली.

“म्हंजे आपल्यासारखा वाडीवाला?”

“अगदी तुझ्यासारखा.”

“मग तो वाईट कधी झाला?”

“तो नाही झाला, दादा. मोठ्या लोकांनी केला.”

“हां.” त्याने बांबू जमिनीत दाबून बघितला. “बिचारा.”

“म्हणून यंदा मी तुला मूळ अर्थाचं काम देतोय. श्रीपत. नाटकाचा खरा आत्मा तोच आहे.”

तो माझ्याकडे बघत राहिला. मिशीवरून बोट फिरवलं. मग विचारलं, “सूट कल्पेश घालनार?”

“हो.”

“बरा दिसेल. अंगाने बरा आहे पोरगा.”

एवढंच! ना राग, ना रुसवा. शिकलेल्या माणसांत एवढा मोठेपणा क्वचित दिसतो. निघताना त्याने केळ्यांच्या दोन फण्या पिशवीत घालून हातात दिल्या. एरवी मी आपणच तोडून घेतो. आज तो पिशवी घेऊन फाटकापर्यंत आला, पाहुण्याला पोचवतात तसा. वहिनी दारात दिसल्या, पण चहाचं काही बोलल्या नाहीत. कामात असतील.

६ डिसेंबर

तालमीला दादा मिशी काढून आला. बरंच झालं, मलाच सांगावं लागलं असतं. श्रीपतला मिशी शोभली नसती. पण ओट्यावर एकदम शांतता पसरली, जसं काही कोणाच्या घरी काही झालंय. आमच्या लोकांना नवीन काही पचतच नाही.

१५ डिसेंबर, रविवार

तालीम बरी चाललीय. कल्पेश उशिरा येतो पण उत्तम करतो. फक्त हसायला लावलं की जाहिरातीतल्यासारखं हसतो. सांगितलं, आधुनिक खलपुरुष मोठ्याने हसत नाही.

अडचण दादाची. श्रीपतचं मुख्य वाक्य आहे, “बांध फुटला की पाणी कोणाचं ऐकत नाही.” दादा म्हणतो, “बांध फुटला की पानी कोनाचं ऐकत नाय.” मी थांबवलं. जीभ वर टाळूला लाव म्हटलं. ण. पाणी. कोणाचं. त्याने केलं, जमलं, आणि पुढच्याच दमात पुन्हा पानी. मी पुन्हा थांबवलं. असं बराच वेळ चाललं. शेवटी शेवटी तो ‘पाणी’ इतकं जपून म्हणायला लागला, की वाक्य संपेपर्यंत श्वास पुरेना. पोरं इकडेतिकडे बघत होती.

तारा गुंडाळता गुंडाळता जेसन म्हणाला, “सर, खाडीवरचा शेतकरी पानीच बोलनार ना?”

“परीक्षक खाडीवरचे नाहीत,” मी म्हणालो. सगळे हसले. दादा पण हसला.

मी चिडलो नव्हतो. पस्तीस वर्षं मुलांच्या जिभा वळवल्या, सख्ख्यासारख्या भावाची वळत नाही याचं वाईट वाटलं. अशुद्ध बोलणाऱ्या माणसाकडे परीक्षक कसे बघतात, हे मला माहीत आहे. ते त्याच्या वाट्याला येऊ नये, एवढीच इच्छा.

२२ डिसेंबर

मार्ग काढला. श्रीपतची ‘ण’वाली वाक्यं कल्पेशच्या आणि नायिकेच्या तोंडी वाटून दिली. नाटक घट्ट झालं. दादाकडे आता एकच वाक्य आहे, “माझा अंगठा घे, माझं नाव घेऊ नको.” त्यात ‘पण’ होतं, ते मी काढून टाकलं. आता निर्दोष आहे.

दादा विचारत होता, “बाकीच्या वेळी मी काय करू?”

“उभा राहा. तुझं नुसतं असणंच बोलकं आहे.”

“बरं.”

शकूवहिनी देवळात फूल वाहून परत चालल्या होत्या. मी “काय वहिनी?” म्हटलं, तर “काय नाय, सर” म्हणाल्या. तीस वर्षांत पहिल्यांदा मला सर म्हणाल्या. मला उगाचच अवघडल्यासारखं झालं.

५ जानेवारी, रविवार

स्पर्धा झाली. दमलोय, पण लिहून टाकतो.

गावातून दोन बस भरून माणसं आली होती. दुपारचा प्रयोग. एकही शब्द चुकला नाही, दिवे वेळेवर, पडदा वेळेवर. कल्पेशने बांध फोडायचा हुकूम दिला तेव्हा सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. आमचे लोक इतके शिस्तीत बसलेले मी कधी पाहिले नव्हते. एकीनेही बोट मोडलं नाही. जेसनची आई तर घोरत होती म्हणे.

एकच गडबड झाली. दादा प्रवेश करून कोपऱ्यात उभा राहिला आणि मागून कोणीतरी शिट्टी मारली. मग आमच्या सगळ्याच लोकांनी टाळ्या. त्यांना वाटलं असावं, आता हा हसणार. ते वाट बघत राहिले. दादा नुसता उभा. टाळ्या हळूहळू विरल्या. त्याने वाक्य म्हटलं, अगदी शुद्ध, पण तिसऱ्या रांगेच्या मागे ऐकूच गेलं नसेल. ज्याचा आवाज वाडीतून रस्त्यापर्यंत येतो त्याचा आवाज असा कुठे गेला?

नंतर रंगपटात शकूवहिनी आल्या. रुमालाच्या गाठीत मीठ, मोहरी, मिरच्या बांधून आणल्या होत्या. कल्पेशला पाटावर बसवायचं, तर पाट नाही आणि निखारे कुठून आणणार? दारातल्या वॉचमनने आधीच नकार दिला. मी म्हटलं, “वहिनी, इथे ते नको. बाहेरची माणसं बघतायत.”

त्यांनी गाठ पुन्हा घट्ट केली आणि कमरेला खोचली. “बरं,” म्हणाल्या. “तसं पन आज कोनी काय बोललं नाय त्याला.”

६ जानेवारी

निकाल फोनवर आला. बक्षीस नाही. उत्तेजनार्थ एक प्रमाणपत्र आहे, शुद्ध उच्चारांबद्दल.

सुहासिनीला सांगितलं. तिने मान डोलवली आणि भात वाढला. जेवणं झाल्यावर ताटं उचलली. मग म्हणाली, “भावजी काल बसमध्ये शेवटच्या बाकावर बसले होते. दरवर्षी ड्रायव्हरजवळ बसून सगळ्यांना हसवत येतात.”

मला झोप लागेना. प्रमाणपत्र फ्रेम करायचं की नाही, ते ठरलं नाही.

१३ जानेवारी

कल्पेशचा फोन. त्याला शूटिंग लागलंय, माघीच्या प्रयोगाला येता येणार नाही. “सर, गावचाच शो आहे ना, कोणीही चालेल,” म्हणाला.

खरं सांगायचं तर मला आनंदच झाला. देवच धावला. उद्या संक्रांत, तिळगूळ घेऊन दादाकडे जायचंच आहे. त्याला बिल्डरचं काम परत देतो. इंग्रजी वाक्यं मराठी करतो, पानी तर पानी. सगळं जागच्या जागी येईल.

१४ जानेवारी, संक्रांत

सगळं जागच्या जागी आलं नाही.

दादा अंगणात खाटेवर बसला होता. तिळगूळ दिला, घेतला. मी हसत हसत म्हटलं, “दादा, मिशी वाढव आता. बिल्डर तूच.”

“कल्पेश येत नाय ना?”

“हो, पण म्हणून नव्हे...”

“म्हनूनच.” तो शांत होता. “दिना, मिशीला दिवाळी लागते. आता नाय व्हायची.”

“खोटी लावू.”

त्याने मान हलवली. मग जे बोलला ते मी होईल तेवढं त्याच्याच शब्दांत लिहितो, कारण ते माझ्या डोक्यातून जाणार नाही.

“मला काय समजत नव्हतं? सूट मला शोभनार नाय, इंग्लिस येनार नाय, वय झालं. तू वाटेत गाठून बोलला असतास, दादा, यंदा तुझ्याच्यानं नाय व्हायचं, तर मी तुला चार शिव्या घातल्या असत्या नि बांबू उचलून कामाला लागलो असतो. तू भाऊ म्हनून नाय आलास. मास्तर होऊन आलास. मला शिकवून काढलास.”

मी तिळगुळाचा डबा खाटेवर ठेवला.

“तो शब्द मला लय आवडला. खरंच. रीमाला सांगितला, बाजारात सांगितला. विलन म्हंजे आपनच, आपन वाईट नाय, लोकांनी केला. महिनाभर सांगत फिरलो. मग तू माझी वाक्यं काढत गेलास, आनी एक दिवस समजलं, तू तो मला का सांगितलास. त्या दिवसापासून कोनाला सांगितला नाय.”

वहिनी दारात उभ्या होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, की तसं मला दिसलं, माहीत नाही.

“आता हसायला पन येत नाय,” दादा म्हणाला. “वाडीत एकदा करून बघितलं. खोकलाच आला.” आणि तिळगुळाचा डबा त्याने माझ्यापुढे केला. “घे. गोड बोल.”

घरी आल्यावर शब्दकोश उघडला. विलन. पान मी दुमडून ठेवलं होतं. ‘बोलणं रांगडं म्हणून मन हलकं’ हे याच डायरीत मीच लिहिलंय, २६ नोव्हेंबरला, किती ऐटीत लिहिलंय. पाठीमागची पानं वाचली आणि मला माझी लाज वाटली. नोव्हेंबरात सगळं हातात होतं. वाडीतला तो सगळा वेळ, बांबूवर ठेवलेला त्याचा हात. एक साधं वाक्य पुरलं असतं आणि मला ते सुचलं नाही, कारण माझ्याकडे त्याहून सुंदर वाक्य होतं.

१९ जानेवारी, रविवार

दादाकडे पुन्हा गेलो. वाडीत नव्हता. म्हणजे होता, केळींच्या पलीकडे खोकल्याचा आवाज आला, पण हाक मारल्यावर ओ आली नाही. थोडा वेळ फाटकात थांबून परत आलो.

बिल्डर कोणी करायला तयार नाही. “दादाच्या जागी? नको, सर.” नाटक रद्द करू म्हटलं, तर गावाने कधी गणपतीपुढचं नाटक रद्द केलेलं नाही. सुहासिनी म्हणाली, “तुम्हाला सगळं पाठ आहे ना? तुम्हीच करा.”

ती चेष्टा करत होती की नाही, कळलं नाही. पण दुसरा उपाय नाही. आपला हात जगन्नाथ.

२८ जानेवारी

रोज आरशासमोर हसून बघतो. दादाचं हसणं पोटातून यायचं. माझं घशातून येतं, वर्गात पोरांना गप्प करण्यासाठी खाकरावं तसं. जेसन म्हणाला, “सर, मी थोडा इको टाकतो.” टाक म्हटलं.

दादा तालमीला येत नाही, म्हणून श्रीपतची जागाही रिकामीच. तिथे आता कोणी उभं राहत नाही. त्याचं एकच वाक्य नायिका म्हणते. ‘पण’ मी परत घातलं. फार उशिरा, पण घातलं.

२ फेब्रुवारी, रविवार

काल नाटक झालं. आज दिवसभर कोणी घरी आलं नाही. एरवी दुसऱ्या दिवशी माणसांची रीघ असते. आता लिहितो.

देवळापुढचं अंगण भरलं होतं. दादा येईल असं वाटलं नव्हतं, पण आला. दुसऱ्या रांगेत बसला, जेसनच्या आईच्या शेजारी. मी सूट घातला होता, मुलाच्या लग्नातला, आणि चिकटवलेली मिशी. पहिल्या प्रवेशाला टाळी नाही, काही नाही. मग बांधाचा प्रसंग आला आणि मी हसलो. जेसनने इको टाकला. माझंच खाकरणं चारी बाजूंनी माझ्याकडे परत आलं.

आणि अंगणातून पहिला शाप आला. “तुझं वाटोळं होईल!” मग दुसरा, तिसरा. बोटं मोडल्याचा आवाज मी व्यासपीठावरून ऐकला. मनात म्हटलं, जमलं! विरारला जे कल्पेशला जमलं नाही ते मला जमलं. मी आणखी रंगात आलो. जेसनची आई खुर्चीवरून उठली आणि ओरडली, “मास्तरा, तुझं कधी बरं होनार नाय!”

मास्तरा. दरवर्षी ती ‘अरे खोता’ म्हणते, ‘अरे सावकारा’ म्हणते. पुढचं वाक्य म्हणता म्हणता मला वाटलं, बिल्डरचं नाव विसरली असेल. मग मागून कोणीतरी तेच म्हणालं. मास्तरा. मी दादाकडे पाहिलं. तो हसतही नव्हता, शिव्याही देत नव्हता. चण्याच्या पुडीत बोट घालून काहीतरी शोधत होता. सगळ्या अंगणात माझ्या बाजूने गप्प बसलेला तोच एक माणूस होता.

उरलेलं नाटक मी कसं संपवलं, आठवत नाही.

पडद्यामागे पाट मांडलेला होता. कोणी मांडला, कोण जाणे. रंग न पुसता मी त्यावर बसलो. मुलं आपापले कपडे बदलत होती. माझ्याजवळ कोणी आलं नाही. नुसता बसून होतो आणि मला तो शब्द आठवत होता. शेतकऱ्यापासून बदमाशापर्यंत यायला त्याला काही शतकं लागली. मास्तरला एक हिवाळा पुरला.

सुहासिनी निखारे घेऊन आली. “मी करू का?” म्हणाली. मी नको म्हटलं. ते तिचं नव्हतं.

तेवढ्यात शकूवहिनी आल्या. त्यांना पाठवलं कोणी, की आपणहून आल्या, मी विचारलं नाही. कमरेचा रुमाल काढला. विरारचाच, गाठ तीच. माझ्या डोक्यावरून, खांद्यावरून, पायांवरून मूठ उतरवली, जशी दादावरून उतरवायच्या तशीच, हात आखडता न घेता. “आल्यागेल्याची, पापी चांडाळाची...” पुटपुटल्या आणि मूठ निखाऱ्यावर सोडली. मोहरी तडतडली. मिरच्या काळ्या पडल्या, वळल्या, जळून गेल्या.

मुलं सवयीने नाकावर हात धरून दाराकडे सरकली होती. ती तिथेच थांबली.

ठसका आला नाही.

वहिनी निखाऱ्याकडे बघत राहिल्या. दरवर्षीचं वाक्य म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

“महिनाभर रुमालात होत्या,” मी म्हणालो. “दमट झाल्या असतील.”

कोणी हो म्हटलं नाही. जेसन हातात वायर धरून उभा होता. कनातीच्या फटीतून दादाची पाठ दिसत होती. जेसनच्या आईची खुर्ची घडी करून तो तिच्याबरोबर रस्त्याकडे चालला होता.

मग मी खोकलो. एकटाच, मुद्दाम.